१९५१ ची प्लायमाऊथ, आमच्या घरची: चालवायला कशी आहे ते एकदाचं लिहून टाकतो

नाशिकला गंगापूर रोडला रविवारी सकाळी गाडी उभी केली की दहा मिनिटात दोघं-तिघं येतातच आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काका, इंपाला ना ही?" नाही रे बाबा. आपल्याकडे जुनी, लांब आणि पुढे क्रोमचे दात असलेली कुठलीही गाडी म्हणजे इंपालाच, त्यात त्यांची चूक नाही, पण ही प्लायमाऊथ आहे, १९५१ ची, इंपाला नावाची गाडी निघायच्या आधीची. दुसरा प्रश्न ॲव्हरेज किती देते आणि तिसरा विकायची आहे का. हे सांगून सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून आज बसलोय लिहायला. लोक नवी गाडी चारशे किलोमीटर चालवून रिव्ह्यू टाकतात, ही आमच्याकडे १९६२ पासून आहे, मधली तीस वर्षं विटांवर उभी होती ती सोडा, पण तरी मला वाटतं बोलायचा हक्क आहे.

आधी आली कशी ते. तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, कांद्याची अडत होती, लासलगावला आठवड्यातून चार खेपा. देवळाली कॅम्पात एका पारशी गृहस्थांचा हवापालटाचा बंगला होता, तो विकून ते कायमचे मुंबईला चालले होते आणि दोन गाड्या ठेवायला तिकडे जागा नव्हती. तात्या बंगल्यातलं लाकडी कपाट बघायला गेले होते, येताना गाडी घेऊन आले. कितीला घेतली हे त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. माई (माझी आजी) म्हणायची साडेसहा हजार, अण्णा (माझे वडील) म्हणतात नऊ, आणि धाकटे काका म्हणतात की पैसे दिलेच नाहीत, त्या माणसाला मुंबईत वर्षभर कांदा पुरवला. मला काकांचं खरं वाटतं.

गाडी अमेरिकन असली तरी जोडलेली कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ला निघाली, प्लायमाऊथ बनवणाऱ्या क्रायसलर कंपनीशी करार करून १९४७ पासून त्यांच्या गाड्या इथे जोडायला लागली, म्हणजे पार्ट पेटाऱ्यातून यायचे आणि कुर्ल्याला नटबोल्ट आवळले जायचे. शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सचा कारखाना तर शिवडीला १९२८ पासून होता. मग सरकारने सांगितलं की नुसत्या जोडू नका, इथे बनवा, तेव्हा जनरल मोटर्सने १९५४ ला गाशा गुंडाळला, फोर्डही त्याच सुमाराला गेली, प्रीमियरने अजून काही वर्षं डॉज-प्लायमाऊथ काढल्या पण जोर फियाटवर गेला. ती पहिली गोल फियाट, आपली डुक्कर फियाट. अण्णा म्हणतात आमच्या गल्लीत डुक्कर फियाट आणि प्लायमाऊथ शेजारी उभ्या राहिल्या की म्हैस आणि पारडू दिसायचं.

एक गंमत माहीत असू द्या. त्या काळातली डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ह्या आतून प्लायमाऊथच. अमेरिकेबाहेर विकायला तीच बॉडी, पुढची जाळी आणि नाव वेगळं. त्यामुळे कोणाच्या गोठ्यात किंग्जवे सडत पडली असेल तर प्लीज कळवा, तिचं बरंच सामान माझ्या गाडीला लागतं.

आता गाडीकडे येतो. दार उघडलं की पहिली गोष्ट कळते ती उंची. वाकायचं नाही, डोकं घालून शिरायचं नाही, खुर्चीवर बसावं तसं बसायचं. क्रायसलरचे तेव्हाचे मुख्य के. टी. केलर यांचा हट्टच होता म्हणे की माणसाला हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे, आणि त्यावरून त्यांची टिंगलही व्हायची कारण बाकी कंपन्या गाड्या बुटक्या आणि लांब करायला लागल्या होत्या. आता ह्या केलरसाहेबांना काय माहीत की त्यांच्या हॅटच्या जागेत निफाड तालुक्यातला फेटा बसणार आहे! तात्या टोपीवाले, पण लासलगावहून येताना मागे कायम दोन-तीन फेटेवाले असायचे आणि एकाचाही फेटा छताला घासत नसे. लग्नात नवरदेवासाठी गाडी मागायला लोक यायचे ते त्याच कारणासाठी, फियाटमध्ये तुरा मोडायचा.

पुढचा सीट अखंड, सोफ्यासारखा. तिघं आरामात, आणि मी लहान असताना चौथा मी, मध्ये, गियरच्या दांड्याला गुडघा लागू न देता. गियर स्टिअरिंगलाच आहे, हँड गियर, तीनच पुढचे. स्वतःकडे ओढून खाली पहिला, पलीकडे ढकलून वर दुसरा, तिथूनच सरळ खाली तिसरा. आपल्याकडची गाडी उजव्या स्टिअरिंगची, त्यामुळे दांडा डाव्या हाताला येतो, म्हणजे मध्ये बसलेल्याच्या बरोबर तोंडासमोर. तात्या क्लच दाबायचे आणि म्हणायचे "हं, टाक", आणि मी दोन्ही हातांनी तिसरा टाकायचो. आठ वर्षांचा होतो. वर्गात कोणाला पटायचं नाही.

इंजिन सहा सिलिंडर, सगळे एका रांगेत, सुमारे ३.६ लिटर आणि ९७ हॉर्सपॉवर. आकडा ऐकून हल्लीची पोरं हसतात, आमच्या पुतण्याची छोटी हॅचबॅक तेवढीच पॉवर काढते म्हणे. काढत असेल. पण ही पॉवर काढते कशी ते बघा ना, ह्याचे वॉल्व्ह वरती हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये बाजूला आहेत, हेड म्हणजे नुसतं बिडाचं झाकण, फिरतं इंजिन संथ, ताकद सगळी खालून. तिसऱ्यात ताशी वीसवर आणा, ट्रॅक्टरच्या मागे रेंगाळा, मग पाय द्या, एक धक्का नाही की खडखड नाही, जत्रेतला पाळणा निघावा तशी निघते. दिंडोरी रोडला पिकअप आणि ट्रॉल्यांच्या मागून जाताना मी पाच पाच किलोमीटर गियर बदलत नाही. आणि आवाज म्हणाल तर नाहीच. चालू आहे की बंद पडलंय हे बघायला तात्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, मी पण ठेवतो, सवय लागली.

बॉनेटवर पुढे एक छोटं शिडाचं जहाज आहे. ते मेफ्लॉवर, इंग्लंडच्या प्लायमाऊथ बंदरातून लोकांना घेऊन १६२० ला अमेरिकेला गेलेलं. हे मला फार उशिरा कळलं, लहानपणी मला वाटायचं ते गोदावरीच्या पुराच्या वेळी कामाला येणार आहे.

आरामाला मी दहापैकी दहा देतो आणि ह्यावर वाद घालणार नाही. मुंबई-आग्रा रोडला जिथे जिथे डायव्हर्जन टाकलंय आणि आता कुंभमेळ्याच्या कामांनी शहरात जे काही खणून ठेवलंय तिथे माझी रोजची एसयूव्ही पाठीचे मणके मोजते, ही मात्र खड्ड्यात उतरते आणि मान डोलावून बाहेर येते. वजन साधारण चौदाशे किलो, चाकं मोठी, सीटखाली खऱ्या स्प्रिंगा. एकच, वळणावर मागचे लोक एकमेकांच्या अंगावर जातात कारण अखंड सीट गुळगुळीत आणि धरायला काही नाही. माई दर वळणाला "अगं बाई" म्हणायची, नंतर नंतर वळण यायच्या आधीच म्हणायला लागली.

स्टिअरिंगला पॉवर नाही. चालती असताना हलकं, उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे विहिरीवरचा रहाट. मेन रोड, दहीपूल, भद्रकाली ह्या भागात नेऊ नका, एकदा नेली होती, दहीपुलाच्या अलीकडे एका हातगाडीला वाट देताना अशी अडकलो की शेवटी चार दुकानदारांनी खाली उतरून "या, या, या, बस्स" केलं आणि नंतर त्यांच्यातल्याच एकाने फोटो काढून घेतला.

स्पीडोमीटर मैलांत. बायको शेजारी बसली की ५० बघून खूश असते, मी सांगत नाही की ते ८० किलोमीटर झाले. त्याच्या वर नेण्यात अर्थ नाही, जाते, पण ब्रेक ड्रमचे आहेत, चारही. तशी प्लायमाऊथला पहिल्या वर्षापासून, १९२८ पासून, हायड्रॉलिक ब्रेक होते आणि त्या काळात ती मोठी गोष्ट होती, पण ड्रम तापले की पाय खाली खाली जातो, त्यामुळे उतारावर दुसरा टाकायचा आणि इंजिनवर धरायचं. हँडब्रेक चाकांना नाही बरं का! गियरबॉक्सच्या मागे फिरणाऱ्या शाफ्टवर एक वेगळा ड्रम आहे, तो धरतो. चालत्या गाडीत ओढायचा नाही, फक्त उभी केल्यावर. सीटबेल्ट तर नाहीतच, आणि पुढचा डॅशबोर्ड म्हणजे लोखंडाचं कपाट, म्हणून हायवेला मी लहान मुलांना पुढे बसवत नाही, कितीही रडू देत.

रात्री चालवूच नका. सगळी वायरिंग ६ व्होल्टची, हेडलाइट म्हणजे कंदील, इगतपुरीच्या धुक्यात तो कंदील फक्त समोरच्याला कळावं की कोणीतरी येतंय एवढ्याच कामाचा. आणि त्यात पुन्हा बॉडीला निगेटिव्ह नसून पॉझिटिव्ह जोडलेलं. हे ज्याला माहीत नाही त्याने वायरला हात लावू नये. मीच एकाला मोबाईल चार्जर लावून दे म्हटलं, सांगायचं विसरलो, त्याने काळी वायर बॉडीला टेकवली, चार्जर गेला, धूर आला आणि माझा फोन तेव्हापासून फक्त उजव्या बाजूने चार्ज होतो, म्हणजे आडवा धरला तर.

आता पंक्चरची गोष्ट, कारण ही ज्याच्याकडे क्रायसलर घराण्यातली जुनी गाडी आहे त्याच्या कामाची आहे. दोन वर्षांपूर्वी विल्होळीच्या पुढे डावं मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, बोल्ट काही सुटेना. जवळच्या पंक्चरवाल्याकडून पोरगा आणला, त्याने लांब पाइप लावला, मग पान्यावर उभा राहिला, मग दोघं उभे राहिले, आणि ठण्ण करून बोल्टचं डोकं तुटून रस्त्यापलीकडे गेलं. मी अण्णांना फोन केला. म्हटलं अण्णा, बोल्ट गंजलेत सगळे, टो करून आणतो.

"कुठलं चाक?"

"डावं मागचं."

दोन सेकंद काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे गाढवा, डाव्या बाजूचे उलटे फिरतात."

तर ते असं आहे. उजव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट नेहमीसारखे सुटतात आणि डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे, चाक फिरताना बोल्ट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. क्रायसलरने हे १९७० पर्यंत धरून ठेवलं होतं. आम्ही तासभर त्या बोल्टला सोडवत नव्हतो, आवळत होतो! पोराने एक पैसा घेतला नाही, वर म्हणाला काका कोणाला सांगू नका माझ्याकडून तुटला. चूक माझी, त्याची काय. आता डाव्या चाकांच्या मडगार्डच्या आतून पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलेत.

अमेरिकन गाड्यांचे असले नखरे प्रत्येकीचे वेगळे. आमच्या डॉक्टरांकडे त्याच काळातली शेवरोले होती, तिचा वायपर मोटारवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचा. सपाटीला ठीक, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर अर्ध्यावर थांबतो, म्हणजे भर पावसात कसारा घाट चढताना जेव्हा काच पुसायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच तो संपावर. डॉक्टर दर वळणाआधी क्षणभर पाय उचलायचे, वायपर दोन हात मारायचा, जेवढं दिसलं तेवढं पाठ करायचे आणि पुढे जायचे. पेशंट त्यांच्यावर विश्वास ठेवायचे ते उगाच नाही. आणि शेवरोलेचीच १९५७ ची बेल एअर, ती मागे पंख असलेली, तिचं पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे लपवलेलं असतं, ज्याला माहीत नाही तो पंपावर गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. स्टुडबेकर १९५० ची समोरून विमानासारखी दिसायची, तिच्या नाकाला पंखा बसवायचा राहिलाय असं वाटायचं.

पण कसारा घाटाचं आमचंही काही चांगलं नव्हतं. मे महिन्यात मुंबईहून येताना घाटाच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकून बंद. पेट्रोल संपलेलं नाही, पाणी उकळलेलं नाही. नळीतलंच पेट्रोल उष्णतेने वाफ होतं, पंपाला वाफ ओढता येत नाही, व्हेपर लॉक म्हणतात. तात्या बॉनेट उघडून बाजूला उभे राहायचे, आणि माई खाली उतरून पुढे टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीतलं गार पाणी घेऊन, जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून पेट्रोलच्या नळीवर आणि पंपावर अशा घड्या घालून ठेवायची जशा आमच्या कपाळावर ताप आला की ठेवायची. फडकं गरम झालं की पिळायचं, परत भिजवायचं. वीस मिनिटं. मग तात्या स्टार्टर मारायचे, लागली की माई फडकं तिथेच ठेवून हात पुसत आत यायची आणि म्हणायची, उतरला.

ते फडकं आता परत लागतंय, कारण पेट्रोल बदललं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं येतं. जुन्या गाडीला त्याचा त्रास दोन प्रकारचा. एक म्हणजे नळीत लवकर वाफ होते, आणि दुसरं म्हणजे जुनं रबर फुगतं किंवा चिरतं, पंपाचा पडदा माझा दीड वर्षात गेला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिना महिना उभी राहिली की टाकी आतून गंजते. मी सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाकल्या, पडदा त्याच मटेरियलचा मागवला, टाकी उभी करताना भरून ठेवतो म्हणजे आत हवा कमी. ॲव्हरेज विचारत होतात ना? गावात ५, हायवेला शांतपणे चालवली तर ७. बघा परवडतं का.

१९७३ ला तेलाचे भाव भडकले तेव्हा असल्या गाड्यांचं मरण ओढवलं ते ह्याच आकड्याने. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी मिळेल त्या भावात काढल्या, घेणाऱ्यांनी पेट्रोलचं इंजिन भंगारात घालून डिझेल बसवलं आणि टॅक्सीला लावल्या. दिसायला डॉज, आवाज पाणी उपसायच्या मशीनचा. आमच्या काकांनी पण लकडा लावला होता की पर्किन्सचं डिझेल टाकू, अडतीच्या धंद्यात सात किलोमीटर परवडत नाही. हिशोबाने काकाच बरोबर होते. तात्या म्हणाले, घोड्याच्या छातीत रेड्याचं काळीज घालायचं का? विषय संपला, पण त्याबरोबर गाडीचं फिरणंही कमी झालं, मग फक्त लग्न, दवाखाना आणि त्र्यंबक, आणि १९८६ ला क्लचप्लेट गेली ती आणायची राहिली. गोठ्याच्या शेजारच्या पत्र्याखाली विटांवर चढवली. तात्या गेले तेव्हा तिच्यावर कडबा रचलेला होता.

२०१७ ला कडबा काढला. मागच्या सीटमध्ये उंदरांची तीन खोल्यांची घरं, डिक्कीत सापाची कात, आणि इंजिन जाम, पंखा हाताने हलेना. भद्रकालीतले एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, नाव लिहू नको म्हणाले कारण आता नवीन काम घ्यायची ताकद नाही. चाचांनी आल्या आल्या हातोडा वगैरे काही काढलं नाही. सहाही स्पार्कप्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, वर फडकी कोंबली आणि म्हणाले, "शेठ, आता रोज संध्याकाळी येऊन पुलीला हात लावायचा. जोर नाही करायचा. फक्त विचारायचं."

मी रोज अंबडच्या एमआयडीसीतून कामावरून सुटलो की तिकडे जायचो. विचारायचो. एकोणिसाव्या दिवशी पुली साधारण अर्धा इंच सरकली आणि आतून काहीतरी पचकन आवाज आला, ओल्या भिंतीवरून कॅलेंडर निघावं तसा. मी चाचांना फोन केला तर ते म्हणाले, आज घरी जा, उद्या परत विचार.

पुढे सिलिंडरचं बोरिंग अंबडमध्येच झालं, पिस्टन रिंगा, बेअरिंग, गॅसकेट अमेरिकेतून मागवले. तिकडे अजून मिळतात कारण हे इंजिन क्रायसलरने गाड्यांत, ट्रकांत, मशीनवर अशी वर्षानुवर्षं वापरलं. मिळण्याचा प्रॉब्लेम नाही, त्यावरचं भाडं आणि कस्टम भरण्याचा आहे. एकूण खर्च किती आला तो आकडा इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. तात्यांकडून मला गाडीबरोबर एवढी अक्कल पण वारशात मिळाली आहे.

रंगाबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती राहणार. मूळ रंग राखाडी आणि हिरव्याच्या मधला, पाण्यात भिजलेल्या मुगासारखा. मी ग्लोव्हबॉक्सच्या आतला न उन्हाळलेला तुकडा नमुना म्हणून दिला, सांगितलं हाच, आणि चकाकी नको. रंगवणाऱ्याने तीन महिने लावले आणि परत दिली ती मेटॅलिक हिरवी, उन्हात नव्या मोटरसायकलीच्या टाकीसारखी चमचमती. वर म्हणाला "सर, पार्टीला हेच आवडतं." पार्टी म्हणजे मी ना! दुकानाचं नाव घेत नाही, पण जुन्या गाडीचा रंग करायला देणार असाल तर एक पत्रा आधी रंगवून घ्या, उन्हात बघा, मगच पुढचे पैसे द्या. आता जी हिरवी दिसते ती माझी निवड नाही एवढंच नोंदवून ठेवतो.

कागदांचं पण सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढच्या वेळी ५,०००. मूळ स्वरूप ही अट वाचली तेव्हा तात्यांचं ते रेड्याचं काळीज आठवलं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच, फक्त रॅली, प्रदर्शन, मेंटेनन्स, पेट्रोल भरणं असल्या कामांना काढायची. त्यामुळे मी जेव्हा जेव्हा दिसतो तेव्हा पेट्रोल भरायलाच निघालेला असतो. सात किलोमीटरच्या ॲव्हरेजला ते खोटंही वाटत नाही. मिसळीची दुकानं पंपाच्या वाटेवरच येतात, त्याला मी काय करू.

कोणी घ्यावी का? ज्याला दर रविवारी हात काळे करायला आवडतात आणि घरात कोणीतरी ओलं फडकं घेऊन उतरणारं आहे त्याने घ्यावी. शोभेला घेणाऱ्याने नको, उभी राहिली की ही मरते. घेताना रंग आणि क्रोम बघू नका, पायाखालचं कार्पेट उचलून पत्रा बघा, दाराखालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आणि इंजिन नंबर कागदावरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. कागद नसलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि विकायची आहे का ह्या प्रश्नाचं उत्तर अण्णा असेपर्यंत त्यांनाच विचारा, मी मध्ये पडत नाही.

अण्णा आता ८१ चे. गुडघे गेलेत, आमच्या एसयूव्हीत चढायला त्यांना स्टूल लागतं आणि पुतण्याच्या हॅचबॅकमध्ये बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. प्लायमाऊथमध्ये मात्र टोपी घालून, काठी धरून, कोणाचा हात न घेता बसतात. मागच्या गुरुवारी त्र्यंबक रोडने पेट्रोल भरायला निघालो, ते शेजारी, मी चालवत. सातपूरच्या सिग्नलला सुटलो, पहिल्यातून दुसरा टाकायला क्लच दाबला आणि माझा हात पोचायच्या आत त्यांनी दांडा पलीकडे ढकलून वर नेला, अजिबात न बघता, खिडकीबाहेर बघत. मी काही बोललो नाही. पुढे परत क्लच दाबला, त्यांनी तिसरा टाकला. पपया नर्सरी येईपर्यंत मी फक्त पायांचा ड्रायव्हर होतो.

मग म्हणाले, "क्लच उशिरा सोडतोस तू. तात्यांचा पण तोच प्रॉब्लेम होता."